हिरव्या बटणावरची पिवळी टेप

मी एक जुनी तबकडी आहे. नाव तबकडीचं, पण आधीच सांगून टाकते, माझ्यावर आजवर एकही गाणं वाजलेलं नाही. गाणी वाजतात टीव्हीतून. मी आपली डीजेच्या व्हिडिओ गेमची प्लास्टिकची तबकडी. अंगावर हिरवं, लाल आणि निळं अशी तीन बटणं, आणि डाव्या हाताला एक सरकपट्टी. टीव्हीवर तीन रंगांचे ठिपके घरंगळत खाली येतात. ज्या रंगाचा ठिपका येईल ते बटण नेमकं तालावर दाबायचं, मध्येच मला पुढंमागं घासायचं, सरकपट्टी इकडून तिकडं न्यायची. जमलं की दोन गाणी एकमेकांत छान मिसळतात आणि खेळणाऱ्याला वाटतं, आपल्यासारखा डीजे नाही. चुकलं, तर गाणं क्षणभर अडखळतं आणि पुढं चालू लागतं. माझ्याकडं चुकीला एवढीच शिक्षा आहे. मित्रांनो, हे तेवढं लक्षात ठेवा, कारण मी जे सांगणार आहे ते बोटांविषयी आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं रांगेत बसलेल्या बाया माझ्यासारख्या हजारो तबकड्यांना बटणं बसवत होत्या. माझी बटणं बसवणाऱ्या बाईचे हात फार चपळ होते. तिचा चेहरा मला आठवत नाही, हात मात्र आठवतात. मला तेव्हापासून हातच ओळखता येतात.

तिथून मी आले ताथवड्याला, गणराज नावाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याकडं. दोन वर्षं त्यानं आणि त्याच्या मित्रांनी मला नुसतं घासून काढलं. काय ते कौतुक! कुणी आलं की आधी मला बाहेर काढायचे. मग त्याला नोकरी लागली, नवा खेळ आला, आणि माझी रवानगी थेट माळ्यावर झाली. मी तिथं किती वर्षं धूळ खाल्ली ते विचारू नका. गणराजनं फ्लॅट सोडला तेव्हा खेळाचं यंत्र, सीडी आणि मी, असं सगळं एका खोक्यात घालून त्यानं स्वयंपाकाच्या शालनबाईंना देऊन टाकलं. शालनबाईंनी ते खोकं चाकणजवळ खराबवाडीत राहणाऱ्या आपल्या भाच्याकडं पोचवलं. त्या भाच्याचं नाव निरंजन.

निरंजन मूळचा लातूरकडचा. चाकणच्या एका लहान कारखान्यात तो प्रेसवर कामाला होता. प्रेस म्हणजे पत्र्याला दणका देऊन आकार देणारं मशीन. पत्र्याची एकच खोली, बायको दिपाली, सात वर्षांची पोरगी स्वरूपा, आणि कोपऱ्यात जुना टीव्ही. गावाकडं लग्नात डीजेवाल्याच्या शेजारी तासन्‌तास उभा राहणारा हा माणूस! मला खोक्यातून काढल्यावर त्यानं आधी अंगातल्या शर्टानं पुसलं, मग अलगद मांडीवर घेतलं. खरं सांगते, गणराजनं मला असं कधी घेतलं नव्हतं.

फर्स्ट शिफ्ट सुटली की चार वाजता तो घरी यायचा, हातपाय धुवायचा, आणि चहा व्हायच्या आत मी त्याच्या मांडीवर. उजव्या हाताची तीन बोटं माझ्या तीन बटणांवर, डावा हात सरकपट्टीवर. शेजारपाजारची माणसं दारात उभी राहून बघायची. दिपाली चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, "झालं का सुरू? दिवसभर ते मशीन बडवायचं आणि घरी येऊन हे!"

"अगं, तिथं दणके ऐकतो, इथं गाणं ऐकतो," तो म्हणायचा.

"चहा पण ऐकूनच प्या मग," असं म्हणून ती कप उचलायची, आणि हसत परत ठेवायची. काय सुखाचे दिवस होते हो ते!

एक गाणं मात्र त्याला काही केल्या जमेना. त्यात हिरवं बटण बराच वेळ दाबून धरायचं आणि त्याच वेळी मला भराभर पुढंमागं घासायचं. लोखंड हाताळून त्याची बोटं दगडासारखी कडक झाली होती. बटणावरून ती सटकायची आणि गाणं अडखळायचं. चार दिवस प्रयत्न केल्यावर पाचव्या दिवशी त्यानं खिशातून पिवळ्या टेपचं भेंडोळं काढलं. कारखान्यात फरशीवर चालायच्या वाटेचे पट्टे मारायला असते ना, ती टेप. त्यानं माझं हिरवं बटण दाबलं आणि त्यावरून टेप आवळून चिकटवली. आता बोट ठेवायची गरजच उरली नाही. हात मोकळा झाला आणि गाणं पूर्ण झालं.

"पप्पा, ही चीटिंग आहे!" स्वरूपा ओरडली.

"चीटिंग काय त्यात? आमच्या कंपनीत प्रेसला सगळे असंच करतात," तो म्हणाला.

दिपालीनं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं आणि तेव्हाच मलाही कळलं. प्रेसला दोन मोठी बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय वरचा लोखंडी ठोकळा खाली येत नाही. का? तर दणका पडताना दोन्ही हात बाहेर असावेत म्हणून. पण त्यात वेळ जातो आणि टार्गेट पुरं होत नाही. म्हणून कामगार एक बटण टेपनं दाबून ठेवतात. मग डाव्या हातानं बटण मारायचं आणि उजव्या हातानं पीस आत ठेवायचा, बाहेर काढायचा. निरंजन तोवर भीत होता. तो एकटाच दोन्ही हातांनी काम करायचा आणि सगळ्यात मागं राहायचा. त्याचे सुपरवायझर दादासाहेब त्याला सगळ्यांदेखत म्हणायचे, "निरंजन भाऊ, पूजा करताय का मशीनची?"

"तुम्ही नका बाबा तसलं काही करू," दिपाली म्हणाली.

"न्हाई गं," तो म्हणाला. पण मला त्याचा हात कळत होता. टेप लावलेल्या बटणाची त्या हाताला सवय होत होती. डावा हात इकडं, उजवा तिकडं, तालावर, न बघता. रोज तासभर. त्याच्या मनातली भीती माझ्या अंगावर झिजत गेली. मी त्याला सगळं शिकवलं. चुकलं तर काय होतं, एवढं सोडून. आठ-दहा दिवसांनी त्यानं कारखान्यातल्या उजव्या बटणाला टेप लावली.

महिनाभर सगळे खूश. दादासाहेबांनी शाबासकी दिली. "तालावर काम करतोय गं आता," तो दिपालीला सांगायचा. तिनं दोनदा विचारलं, टेप लावता का, आणि दोनदा तो खोटं बोलला.

मग एका गुरुवारी चार वाजले, साडेचार वाजले. स्वरूपानं टीव्हीवर खेळ लावून मला जागेवर मांडून ठेवलं होतं. पाच वाजता शेजारचा माणूस धावत आला, दिपालीनं गॅस बंद केला आणि ती अनवाणीच पळाली. टीव्ही तसाच चालू. ठिपके खाली येत होते आणि वाया जात होते.

चौथ्या दिवशी निरंजन घरी आला. उजव्या हाताला मोठं बँडेज. डाव्या हाताचा ताल क्षणभर पुढं गेला होता, एवढंच. अंगठा आणि करंगळी राहिली. मधली तीन बोटं गेली, बाई, तिन्हीच्या तिन्ही. जी माझ्या तीन बटणांवर असायची तीच.

दादासाहेब सफरचंदं घेऊन भेटायला आले. खुर्चीत अवघडून बसले. म्हणाले, "भाऊ, तपासणीचे साहेब लोक येऊन मशीन बघून गेले. दोन्ही बटणं व्यवस्थित आहेत असा रिपोर्ट झालाय. टेपचं तुम्ही काही बोलू नका. बोललात तर चूक तुमचीच निघंल."

"टेप कुठं गेली?" निरंजननं विचारलं.

दादासाहेबांनी सफरचंदांची पिशवी उगाच सरळ करून ठेवली. टेप त्यांनीच काढली असणार, दुसरं कोण काढणार? मी समोर फळीवर होते. माझ्या हिरव्या बटणावर तीच पिवळी टेप होती, आणि मला कुणी साक्षीला बोलावलं नाही. जाताना दादासाहेब म्हणाले, "वहिनींना घेतो आम्ही कामावर. तेवढं माझ्या हातात आहे."

पुढं आठ महिने मी फळीवर पडून होते. कुणी मला हात लावला नाही आणि मीही वाट बघितली नाही. तोंड कसं दाखवणार होते मी त्याला? घर तर चालायला हवं होतं. शेवटी दिपालीनं कामावर जायचं ठरवलं. काम कुठलं? तीच लाइन, तसलीच प्रेस.

तिच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी निरंजननं मला खाली काढलं. मांडीवर घेतलं. सवयीनं उजवा हात माझ्यावर ठेवला. अंगठा टेकला, करंगळी टेकली, आणि तीन बटणांवर काहीच टेकलं नाही. मग डाव्या हाताच्या नखानं त्यानं ती सुकलेली टेप खरवडून खरवडून काढली आणि दिपालीला समोर बसवलं.

"दोन्ही हात बटणावर. दोन्ही. पीस कमी झाले तर होऊ दे, कुणी काय बोललं तर बोलू दे. म्हण."

"दोन्ही हात," दिपाली म्हणाली.

त्या दिवसापासून घरात एक नियम झाला. चार वाजता दिपाली आली की स्वरूपा दारातच तिला अडवते. आई दोन्ही हात पुढं करते आणि पोरगी मोठ्यांदा मोजते, एक ते दहा. दहा झाले की आत. निरंजन ऐकून मगच चहाला आधण ठेवतो, डाव्या हातानं.

पाच महिने हे नीट चाललं. काल स्वरूपानं दहा मोजले आणि तिला आईच्या बाहीवर काहीतरी चिकटलेलं दिसलं. बोटभर पिवळी टेप. लेकराला काय कळणार? तिनं ती काढली, पळत फळीपाशी आली, माझं हिरवं बटण दाबलं आणि वर टेप लावली. "पप्पा, बघा! तुम्ही लावायचात तशी!"

चहाचं पातेलं गॅसवर उतू गेलं तरी कुणी हललं नाही.

"कधीपासून?" निरंजननं विचारलं.

"मंगळवारपासून," दिपाली म्हणाली आणि रडायला लागली. "टार्गेट होईना हो. सगळ्यांदेखत बोलतात. तुम्हाला काय सांगू?"

तो तिच्यावर ओरडला नाही. ओरडेल कुठल्या तोंडानं? त्यानं गॅस बंद केला आणि म्हणाला, "उद्या मी येतो गेटवर."

"येऊन काय करणार तुम्ही?"

"शिफ्टला येणाऱ्या प्रत्येकाला हा हात दाखवणार. रिपोर्टात टेप न्हाई ना? हातात तर हाय."

आज सकाळी दोघं बरोबर गेली. जाताना त्यानं माझ्यावरची टेप काढून खिशात घातली. गेटवर त्याचं कुणी ऐकलं का, हाकलून दिलं का, तिच्या मशीनवर आज काय झालं, मला काही माहीत नाही. मी फळीवर आहे.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही. मला फोडा, भंगारात घाला, मला काही दुखत नाही. तुमच्या घरी कुणी कंपनीतून येत असेल तर दारात त्यांचे हात बघा. बाहीसुद्धा बघा. आणि टेप दिसली तर गप्प बसू नका, मोठी माणसं रागावली तरी.

चार वाजत आले आहेत. स्वरूपा दारात उभी आहे. मला दहापर्यंतच मोजता येतं, आणि आज दहाच्या आत थांबायची माझी तयारी नाही.