दाराजवळचा उंचवटा

काचेची गोटी सिमेंटच्या जमिनीवरून घरंगळत जाते तेव्हा होणारा आवाज ही माझ्या लेखी हबीबभाऊंची पहिली ओळख. आधी तो तुटक आणि बारीक असतो, मग गोटीला उतार सापडला की अखंड होतो, आणि भिंतीला टेकल्यावर एकाएकी संपतो. हबीबभाऊ रिकाम्या खोलीच्या मधोमध उकिडवे बसत, खिशातली हिरवी गोटी खाली ठेवत, तिच्यावरचं बोट अलगद उचलत आणि डोळे मिटून घेत. पाणसळ, सूतदोरी, पाण्याची नळी ही साधनं पिशवीतून नंतर निघत. जमीन कुठे खचली आहे, कुठे फुगली आहे, हे त्यांना आधी कानांनी ऐकायचं असे. गोटी थांबली की डोळे उघडत आणि थकलेल्या, जवळजवळ ओशाळलेल्या स्वरात घरमालकाला सांगत, "खिडकीकडे गेली पाहा. तिकडे बसली जमीन."

चंद्रपुरात सपाट जमीन फार काळ सपाट राहत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. शहराच्या काही भागांखाली कोळसा काढून नेल्यानंतरची पोकळी आहे. गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडाला की फळीवरच्या बशा एकमेकींना लागून किणकिणतात आणि मग पुन्हा गप्प होतात. या सगळ्यावर माणसं काँक्रीट ओततात, घर बांधतात, आणि काही वर्षांनी एके दिवशी लक्षात येतं की पुसलेल्या जमिनीवरचं पाणी खाटेखाली जाऊन साचतं आहे. माझ्या घराच्या मागच्या खोलीत असंच झालं, म्हणून खचलेल्या जमिनी समतल करून देणारे हबीबभाऊ आले.

त्यांचं काम उन्हाच्या आधीचं. चैत्र-वैशाखात सिमेंटचा पातळ माल पसरायच्या आतच घट्ट होऊ लागतो, म्हणून आदल्या संध्याकाळी जमिनीवर ओली पोती अंथरलेली असत आणि पहाट फुटता फुटता ती उचलली जात. खोलीतली धूळ कुंच्याने, मग ओल्या फडक्याने, मग पुन्हा कोरड्या फडक्याने निघे. जमीन माल घट्ट धरून राहावी म्हणून तिच्यावर दुधासारखं पातळ द्रावण फिरे. खिडक्या बंद, पंखा बंद. वाऱ्याने वरची साय आधी सुकते आणि फाटते, म्हणून त्या बंद खोलीतला उकाडा त्यांनी आयुष्यभर मुकाट्याने सोसला. पाणी आणायचं, मापाने ओतायचं आणि ड्रममध्ये माल घुसळायचा, हे मैनाबाईंचं काम. मैनाबाई पोंभुर्ण्याच्या रस्त्यावरच्या एका गोंड पाड्यातल्या. कित्येक वर्षं त्यांच्यासोबत राबलेल्या, आणि जिभेला कुठलंच माप नसलेल्या.

ड्रम कलंडला की राखाडी रंगाचा तो दाट ओघळ जमिनीवर येई आणि कुणी न सांगता सखल जागेकडे निघे. हबीबभाऊ खिळे ठोकलेल्या तळव्यांचे बूट घालून त्या ओल्या पसाऱ्यात उतरत, काटेरी रूळ फिरवून आतली हवा बाहेर काढत. खिडकीच्या फटीतून आलेली उजेडाची पट्टी त्या पृष्ठभागावर पडे आणि वाटे, हा माणूस एखाद्या निश्चल तळ्याच्या मध्यभागी उभा आहे आणि तळं त्याला बुडवायला विसरलं आहे. मग ते मागे मागे सरकत दारापर्यंत येत आणि हात टेकून उभे राहत. "आता आपलं काई नाई," ते म्हणत. "आता तो आपला आपन जाते." त्यांच्या गुडघ्यांवर, बैलाच्या मानेवर जुवाचे पडतात तसे घट्टे होते. खाली बसताना ते काही बोलत नसत. उठताना मात्र प्रत्येक वेळी ओठांतून एक हलका "या अल्ला" निघे, आणि त्यात प्रार्थनेपेक्षा सांध्यांचीच कुरकुर जास्त असे.

एका गोष्टीची मला तेव्हापासून सवय होत गेली. त्यांचं काम पुरं झालं की फरशीवाला येई आणि त्यावर फरशी बसवी. मग त्या खोलीत माणसं चालत, मुलं धावत, कपाटं हलत, आणि खाली काय आहे हे कुणाला आठवत नसे. काम चांगलं झाल्याची खूण एवढीच, की ते दिसत नसे.

"भाऊ जगाच्या जमिनी सारख्या करून राह्यले," मैनाबाई चहा पिताना मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अन् घरी गेले का आपल्याच डोंगराले ठेचकाळते. वहिनीले मातर काई होत नाई."

हबीबभाऊ हसले. "ते जमीन माह्या जवानीची होय, बाई. तवा मले काम कुठी येत होतं?"

गडचांदूरच्या कडेला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. लग्नानंतर त्यांनी ते स्वतः बांधलं, आणि त्याची जमीन हे त्यांच्या हातचं पहिलं काम. ती एका दमात ओतता आली नव्हती, त्यामुळे मधून एक जाड जोड आडवा गेलेला. ओट्यासमोर जमीन खोलगट, मोरीकडे वाकडा उतार, दाराशी एक लहानसा उंचवटा. त्यांच्या पत्नी जुबेदाभाभी पोंभुर्ण्याच्या एका किराणा दुकानदाराच्या लेक. साखरेच्या आजाराने त्यांची नजर हळूहळू गेली, इतकी हळू की शेवटचं काय दिसलं होतं ते त्यांनाही सांगता येत नसे. पण त्या घरात त्या काठीशिवाय वावरत. जोड तळव्याला लागला की डावीकडे फळी, खोलगटात टाच बसली की समोर ओटा, उतार सुरू झाला की मोरी. बाहेरच्या माणसाला जे ओबडधोबड वाटे, ते त्यांच्या पावलांना लख्ख दिसत होतं.

हबीबभाऊंना हे माहीत नव्हतं असं नाही. पण रोजच्या सवयीच्या गोष्टी माणसाला माहीत असतात तितपतच माहीत होतं. त्यांचे स्वतःचे गुडघे थकत चालले होते, पाय उचलेनासा झाला होता, आणि आपण अडखळतो तशी तीही एक दिवस अडखळेल, ही धास्ती त्यांच्या मनात घर करून बसली. ईदेच्या आधी जुबेदाभाभी भावाकडे पोंभुर्ण्याला गेल्या. त्या परत यायच्या आत हबीबभाऊंनी घरातलं सामान अंगणात काढलं, पोती भिजवली, आणि मैनाबाईंना हाक मारली. मैनाबाई नंतर सांगत, इतकं देखणं काम त्यांनी दुसऱ्या कुणाच्याही घरी केलं नव्हतं. गोटी ठेवली तिथेच राहिली.

जुबेदाभाभी आल्या, त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या, आत पाऊल ठेवलं आणि थांबल्या. एक पाऊल पुढे, मग एक मागे. मैनाबाई तिथेच होत्या. पुढचं बोलणं त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं.

"अजी, मले कोनाच्या घरी आनलं?"

"आपलंच घर होय, जुबेदा. जमीन सारखी केली. आता तुले ठेच नाई लागनार."

"मले कधी लागली होती?"

पुढचे काही दिवस जुबेदाभाभी बहुतेक खाटेवर बसून राहिल्या. उठल्याच तर तळहात भिंतीवर घासत, अंग चोरून, खांदे आखडून चालत. ओटा कुठे सुरू होतो ते न कळून एकदा हात तापल्या पातेल्याला लागला. त्याचं त्यांना फार वाटलं नाही. मोरीकडे जायला हात मागावा लागतो, याचं वाटलं. इतकी वर्षं अंधारातही जे त्यांचं स्वतःचं राहिलं होतं, ते घर एका सकाळीत गुळगुळीत होऊन त्यांच्या पायांखालून निघून गेलं होतं.

दुसऱ्या खोलीच्या कामाचं विचारायला मी गडचांदूरला गेलो तो याच दिवसांत. गल्लीतच हातोडीचा आवाज ऐकू आला. सावकाश, मध्येच थांबणारा, वय झालेल्या मनगटाचा. आत हबीबभाऊ मांडी घालून बसले होते आणि आपणच ओतलेल्या त्या निर्दोष जमिनीवर छन्नी चालवत होते. राखाडी कपच्या त्यांच्या पायजम्यावर उडत होत्या. जुबेदाभाभी अनवाणी उभ्या होत्या. त्या पाऊल पुढे करत, चाचपत, आणि सांगत.

"इथी खोल होती. अजून. टाच बसली पायजे."

"एवढी?"

"अजून थोडी. तुमीच केली होती, तुमालेच आठवत नाई?"

"खराब झालेलं कोन याद ठेवते?"

"मी ठेवली ना."

मैनाबाई दारात पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या. "जिंदगीभर भरत राह्यले," त्या म्हणाल्या, "आता बसा खोदत." पण पाणी त्यांनी न सांगता पुढे केलं, आणि कपच्याही त्याच भरत होत्या.

हबीबभाऊ मान वर करत नव्हते. समतल करण्याचं सगळं ज्ञान त्या दुपारी त्यांना उलट्या दिशेने वापरावं लागत होतं, आणि ते अधिक अवघड होतं; कारण सपाट जमीन एकाच प्रकारची असते, पण ही विशिष्ट वाकडी जमीन फक्त एका बाईच्या तळपायांत शिल्लक होती. जोडाची रेघ पुन्हा उमटली. मोरीकडचा उतार तासता तासता ऊन भिंतीवरून सरकून छपराच्या कडेला गेलं. मग त्यांनी खिशातून गोटी काढली, खोलीच्या मधोमध ठेवली आणि बोट उचललं. ती क्षणभर थबकली, तिला वाट आठवल्यासारखी हलली, आणि वाकडी वाकडी होत मोरीच्या काठाशी जाऊन थांबली. जुबेदाभाभींनी तो आवाज शेवटपर्यंत ऐकला. मग हात भिंतीवरून काढून घेतला आणि गोटीच्या मागून एकट्या चालत गेल्या. मैनाबाईंनी कपच्यांचं घमेलं उचललं आणि त्यांच्या वाटेतून बाजूला नेलं.

दाराशी करायचा उरलेला उंचवटा हबीबभाऊंनी शेवटी केला. जमिनीला टोचे मारून, ओली करून, थापीने सिमेंटचा गिलावा बसवला. हात थकलेले होते. तो जरा जास्त झाला. जुबेदाभाभींनी वाकून ओल्या गिलाव्यावर तळहात हलकेच फिरवला.

"हा मोठा झाला."

"उतरवतो," म्हणत हबीबभाऊ पुन्हा खाली बसू लागले. गुडघा वाजला. तो सगळ्यांनी ऐकला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "याद ठेवीन मी. तुमी उठा आता."

तो तसाच राहिला. त्यानंतर रोज संध्याकाळी हबीबभाऊ कामावरून येत, पिशवी खांद्यावरून उतरवण्याच्या नादात पाय त्याच उंचवट्याला लागे, आणि तोंडातून "या अल्ला" निघे. आत जुबेदाभाभी त्या अडखळण्यावरून ओळखत आणि चहाचं आधण ठेवत. मी असताना एकदा असंच झालं. "आले," त्या मला म्हणाल्या, जणू दारावरची घंटा वाजली होती.

माझी दुसरी खोली त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात केली. खूप वेळ लागला. मध्ये मध्ये ते भिंतीला पाठ लावून बसून राहत, आणि मैनाबाई घाई करत नसत. त्यानंतर त्यांनी कामं घेणं कमी केलं. मागच्या हिवाळ्यात, धुकं उशिरापर्यंत न हटणाऱ्या दिवसांत, ते गेले. या जिल्ह्यातल्या किती घरांत माणसं त्यांच्या कामावर उभी आहेत ते त्या माणसांना माहीत नाही. त्या साऱ्या जमिनी फरशांखाली आहेत. उघडं राहिलं ते एकच काम, आणि ते कुठल्याही पाणसळीवर खरं उतरणारं नाही.

त्यानंतर मी जुबेदाभाभींना भेटायला गेलो तेव्हा संध्याकाळ होती. उजेड मंद होता; उंचवटा माझ्या ध्यानात राहिला नव्हता. पाय लागला, मी अडखळलो, चौकट धरली. आत भांड्याचा आवाज झाला. पावलं उठली, जोड ओलांडून भरभर मधल्या दारापर्यंत आली आणि तिथे थांबली. अडखळण्यानंतर जे दोन शब्द यायला हवे होते, ते आले नव्हते.

"कोन?" जुबेदाभाभींनी विचारलं.

मी नाव सांगितलं. त्या वळल्या, सावकाश, काठीशिवाय, कुठेही न चुकता ओट्यापर्यंत गेल्या आणि आधण ठेवलं. काळ बहुतेक खळगे भरून काढतो आणि वर कुणीतरी फरशी बसवतं. त्या घराच्या दाराशी मात्र एक जागा उंच राहिली आहे, आणि रोज संध्याकाळी तिथे कुणीही अडखळत नाही.