विष्णूजींच्या गळ्यातली दुर्बीण

"एवढं ओझं गळ्यात लटकवून काहून फिरता जी? एक दिवस मानेलाच पट्टा लावायची पाळी येईल," भानुमतीबाई कुरकुरल्या आणि कुरकुरता कुरकुरताच माझा पीळ पडलेला पट्टा त्यांनी विष्णूजींच्या कॉलरखाली नीट बसवून दिला.

ते ओझं म्हणजे मी. मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. दोन नळ्यांची, काळी, आठ पट जवळ आणणारी. छातीवर लोंबकळत असल्यामुळे या नवराबायकोची सगळी कुरकुर मला अगदी जवळून ऐकू येते. काळजाचे ठोकेही ऐकू येतात. ठोके खोटं बोलत नाहीत, म्हणून मला कधी कधी कान नसते तर बरं झालं असतं असं वाटतं.

माझा जन्म कुठल्या गावी झाला ते मला आठवत नाही. मी लष्करात होते एवढं खरं. तिथे कोणाच्या तरी हातून पडले, आतला एक लोलक हलला आणि मला निकामी ठरवून भंगारात काढलं. जबलपूरच्या सदर बाजारात एका कबाड्याच्या दारात मी पितळी नळांच्या ढिगाखाली पडून होते. विष्णूजी तेव्हा तिशीतले. संरक्षण खात्याच्या कारखान्यात बारीक यंत्रं जुळवण्याचं काम करायचे. त्यांनी मला उचललं, डोळ्याला लावलं आणि हसले. माझ्यातून एका वस्तूच्या दोन दिसायच्या. कबाडी म्हणाला, भैया, एकात दोन मिळून राहिले, घेऊन जा.

घरी त्यांनी मला जुन्या धोतराच्या फडक्यावर उघडलं. लोलक जागेवर बसवला. एक स्क्रू हरवला होता, तो त्यांनी पितळेचा नवा घडवला. कुठल्या यंत्रावर घडवला ते मी सांगणार नाही. तो स्क्रू अजून माझ्या पोटात आहे, आणि सगळ्या अंगात मला तोच माझा वाटतो.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. कारखान्यांत आणि रेल्वेत नोकरीला म्हणून विदर्भातून इकडे आलेल्या मराठी कुटुंबांचं इथे एक मंडळ होतं. रविवार आला की मंडळी निघायची आणि वाट दाखवायला विष्णूजी पुढे. भेडाघाटला धुवांधार धबधब्याच्या तुषारांनी माझ्या काचा भिजायच्या. ग्वारीघाटावरून मी नर्मदेच्या पलीकडच्या तीरावरचा गुरुद्वारा इतका जवळ आणायची, की लहान मुलं पायरीला हात लावायला बोट पुढे करायची. कार्तिकात आवळीभोजन असे. मदन महालच्या डोंगरावर आवळ्याच्या झाडाखाली डबे उघडायचे, आणि जेवणाआधी विष्णूजी मुलांना घेऊन खडकांवर चढायचे.

त्यांचे नियम दोनच होते. चिवड्याचा हात दुर्बिणीला लागता कामा नये, हा पहिला. आणि दुसरा ते प्रत्येक मुलाच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "लांबचं पाहायचं ना? मग आधी पाय पक्के रोव."

मुलांची रांग लागायची. खालच्या संग्राम सागर तळ्यातला एखादा पांढरा ठिपका बगळा होऊन मान वळवायचा आणि मूल श्वास रोखायचं. माझं कौतुक तेवढंच. पण ते मी तीस वर्षं दर खेपेला नव्याने घेतलं.

मित्रांनो, काचेची वस्तू एकदम बिघडत नाही. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात माझ्या उजव्या काचेत बुरशी आली. आधी केसाएवढी, मग कोळ्याच्या जाळ्याएवढी. मी वाट पाहत राहिले. बोटाचा ठसा दिसला तरी बनियनचं टोक घेऊन पुसत बसणारा हा माणूस, आज ना उद्या मला उघडेल. त्यांनी उघडलं नाही. रोज डोळ्याला लावत होते, पण त्यांना जाळं दिसलंच नाही. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की बिघाड एकटा माझ्यात नाही.

मग ते दाराच्या चौकटीला खांदा धडकवू लागले. ताटातली वाटी कलंडू लागली. एकदा ते एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. मी गळ्यात होते, म्हणून मी ऐकलं. काचबिंदू म्हणाले डॉक्टर. बाजूची नजर गेलेली आहे, ती परत येत नाही. उरली आहे ती बोगद्यातून पाहावं तशी समोरची. गाडी चालवू नका, उंचसखल जागी जाऊ नका, घरच्यांना सांगा. विष्णूजी जी, जी, म्हणत राहिले.

घरी येऊन त्यांनी गुडघे दुखतात म्हणून स्कूटर पुतण्याला देऊन टाकली. बाकी कोणाला काही सांगितलं नाही. औषधाची बाटली ठेवली माझ्या चामडी पेटीत. सकाळ-संध्याकाळ "दुर्बीण साफ करतो" म्हणून ते खोलीचं दार लावायचे आणि डोळ्यांत थेंब टाकायचे. मला कोणी साफ केलं नाही. त्या लबाडीत माझी पेटी सामील झाली आणि पेटीबरोबर मीही.

भानुमतीबाईंना कळलं नव्हतं असं समजू नका. त्या ताट अलीकडे डोळ्यांसमोर सरकवायच्या. रस्त्यात त्यांची कुरकुर वाढली. "बाप्पा, किती उंच पायरी केली मेल्यांनी." "हे काय, इथेच गाय बसून राहिली." लोकांना वाटायचं, बाई वयाने चिडकी झाली. ती कुरकुर म्हणजे विष्णूजींची काठी होती. पण "तुम्हाला दिसत नाही" हे तीन शब्द त्याही बोलल्या नाहीत. मंडळातल्यांनीही ओळखलं होतं, तेही बोलले नाहीत. चांगल्या माणसांच्या घोळक्यात एखादी गोष्ट किती दिवस न बोलता राहू शकते, ते मला डोळे आणि कान दोन्ही असून कळलं नव्हतं.

गेल्या कार्तिकात आम्ही मदन महालच्या डोंगरावर गेलो. भानुमतीबाई खाली आवळ्याच्या झाडाशी पुऱ्या तळायला बसल्या, म्हणजे त्या दिवशी चढावर कुरकुर नव्हती. नात अवंती सोबत होती. अकरा वर्षांची, तिला मराठी सगळं समजतं पण बोलायला हिंदीच येते. तिने मला डोळ्याला लावलं.

"आजोबा, इसमें जाला है."

"धुकं आहे बेटा, शहरावर," विष्णूजी म्हणाले. भोवतीचे सगळे मोठे लोक लख्ख उन्हात माना डोलावून हो म्हणाले.

शेजारी पुष्पाबाई होत्या. घमापुरातल्या, भानुमतीबाईंच्या जुन्या मैत्रीण. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, तरी दर सोमवारी ग्वारीघाटाला नर्मदेत डुबकी मारून येणार आणि जीभ चालवणार. म्हणाल्या, "विष्णूभाऊ, ह्याच्यातून स्वर्ग दिसते का? आमचे हे तिथे काय करून राहिले, पाहा जरा."

विष्णूजी हसले. मला डोळ्याला लावून तळ्याकडे वळले आणि एक पाऊल पुढे टाकलं. तिथे खडक संपला होता.

पुष्पाबाईंनी माझा पट्टा पकडला. सगळं बळ लावून मागे ओढला. विष्णूजी मागे येऊन बसकण मारून पडले, पट्टा शिवणीत तुटला, आणि तो झटका बसून पुष्पाबाई पाठीमागच्या कडेवरून गेल्या. पुरुषभर खाली. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी स्वतः खडकावर आपटले होते, पोटावर.

भानुमतीबाई धावत वर आल्या. कोणी काही विचारायच्या आधी त्याच म्हणाल्या, दगड ओला असेल. दुसऱ्याने म्हटलं, हो, ओलाच होता. तिसऱ्याने म्हटलं, शेवाळं असते इथे. दसऱ्यापासून पावसाचा थेंब नव्हता, मित्रांनो. पुष्पाबाईंना चादरीत घालून उतरवताना त्यांनीही डोळे मिटून मान हलवली. ओला होता, म्हणाल्या. मी त्या दगडावर पडले होते. तो कोरडा होता, आणि उन्हाने चांगला तापला होता.

पुष्पाबाईंचं ऑपरेशन झालं. त्या आता वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालतात. सोमवारची नर्मदेची डुबकी राहिली. आलेल्या-गेलेल्यांना त्यांची सून जया सांगते, या वयात डोंगरावर उड्या मारायची हौस, दुसरं काय. पुष्पाबाई, ज्यांची जीभ कधी थांबली नाही, त्यावर गप्प बसतात. विष्णूजींनी माझा पट्टा मोच्याकडून शिवून आणला. तो सांधा आता त्यांच्या मानेवर बोचतो. ते तो सरकवत नाहीत.

तुम्हाला एक विनवणी करते. घरात कुठे जुनी दुर्बीण असेल, कॅमेरा असेल, आजोबांचा चष्मा असेल, तर तो कोरड्या जागी ठेवा, मऊ फडक्याने पुसा. आणि काचेत जाळं दिसलं तर जाळं म्हणा. कोणाला वाईट वाटेल म्हणून त्याला धुकं म्हणू नका. बुरशीला अंधार आवडतो आणि लोकांचा चांगुलपणाही तिला तेवढाच मानवतो.

यंदाचं आवळीभोजन चार दिवसांवर आलं. मंडळाने निरोप पाठवला, यंदा नवी मुलं आहेत, बावीस जण, विष्णूजींनीच वर न्यावं. विष्णूजी म्हणाले, चलो, नेतो. भानुमतीबाईंच्या हातातला झारा थांबला आणि परत हलू लागला. म्हणूनच आज निघताना ती मानेच्या पट्ट्याची कुरकुर झाली. निघालो होतो पुष्पाबाईंकडे, अवंतीला घेऊन, बोलावणं द्यायला. येणार नाहीत हे माहीत असूनही बोलावणं द्यायचं असतं.

पुष्पाबाई पलंगावर उशीला टेकून होत्या. मुलांचं ऐकून म्हणाल्या, "न्या, न्या. दगड तेवढा पाहून घ्या, ओला नसला पाहिजे." आणि हसल्या. जयाने चहा आणला. विष्णूजींचा हात कपाच्या बाजूने हवेत गेला. पुष्पाबाईंनी वाकून कप त्यांच्या बोटांत दिला. वाकताना कळ येऊन त्या कण्हल्या.

"तेव्हा कोणी ऐकलं नाही," जया अवंतीला समजावल्यासारखं म्हणाली, "आपल्या चुकीने आपणच पडतो मग."

अवंती कंटाळली होती. तिने सोबत आणलेली माझी पेटी उघडली आणि बाटली बाहेर काढली. "आजोबा, ये तो आँख की दवा है. किसकी है?"

"ठेव ते. दुर्बिणीच्या काचेचं औषध आहे," भानुमतीबाई घाईने म्हणाल्या.

विष्णूजींचे ठोके मी मोजत होते आणि मोजता मोजता चुकले. अवंती कोणाकडेतरी उत्तर शोधत होती. चार दिवसांनी त्या खडकावर तीच सगळ्यांत पुढे, आजोबांचं बोट धरून असणार होती.

विष्णूजींनी कप खाली ठेवला. तो बशीत बसला नाही, चादरीवर लवंडला. त्यांनी मला मानेतून काढलं आणि चाचपत अवंतीच्या गळ्यात घातलं.

"जया बेटा," ते म्हणाले, "तुझ्या सासूची काही चूक नव्हती. दगड कोरडा होता. मला कड दिसली नाही. मला दिसत नाही."