साडेसहाची रेघ

आमच्या बायकोला घड्याळ बांधायला मिरजेहून पोरगी आली, तवा मी लय हसलो. ब्राह्मी तिचं नाव. घरातल्या माणसांच्या जिवाला रोजचा ताण किती, ह्याचा अभ्यास करत हुती. घड्याळ नाडीचं ठोकं मोजायचं. मी म्हणलं, बांध बाई, आमच्या तानुबाईला कसला आलाय ताण, खाऊन-पिऊन मजेत हाय.

आठ दिसानी ती कागद घिऊन आली. रोज सांजच्याला साडेसहाला रेघ ताडमाड वर. ठोकं एकशेतीस. माझा थोरला भाऊ असाच उभ्या उभ्या गेलाय, छातीला हात लावायला सुदिक सवड मिळाली न्हाई. दुसऱ्या दिशी गॅरेज बंद ठेवलं आन तानुबाईला एष्टीनं मिरजेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छातीला तारा लावून काळजाची पट्टी काढली, फोटू काढला, आन म्हणला, काळीज ठणठणीत हाय.

मग साडेसहाला हुतंय काय? बाकड्यावर बसून कागद पुन्यांदा बघितला. बेस्तरवारी तेवढी रेघ सपाट हुती. बेस्तरवारी मी विट्याला, भनीकडं मुक्कामाला हुतो.

एरवी रोज साडेसहाला माझी बुलेट घराच्या वळणावर येती.

परतताना एष्टीत तिला इचारलं, मी कवा हात उगारलाय का गं?

"न्हाई," ती खिडकीतनं भाईर बघत म्हणली. "पण गाडीचा आवाज आला की मला कळत न्हाई, आज कसला माणूस घरात येतोय."

माझ्या वरडण्याला सगळं गाव हसतंय. तीबी मनात हसत आसंल, असंच मी तीस वर्सं धरून चाललो हुतो.

दुसऱ्या दिशी वळणावरच इंजन बंद केलं. म्हणलं, आज तिला भ्या वाटायला नको. गाडी ढकलत, गुपचूप फाटकात आलो. ती अंगणात वाळलेली धुणी गोळा करत हुती. वळून मला बघितलं आन हातातलं लुगडं खाली पडलं. चेहरा पांढराफटक. मागं सरकत सरकत भिताडाला टेकली.

"आवाज न्हाई आला," म्हणली. "काय झालंय आज? माझं काय चुकलं?"

मी फाटकापाशीच खाली बसलो. कायबी न्हाई गं, एवढंच म्हणायचं हुतं. पण आवाज कसा निघंल, ह्याचंच मला भ्या वाटलं. हळू बोलायची कवा सवयच लावली न्हाई. ती भिताडाला, मी फाटकाला. दोघंबी हालायचं धाडस करत न्हवतो.