एकही चूक नाही

लेकीच्या कंपनीच्या नव्या वॉशिंग मशीनच्या पडद्यावरच्या सूचनांचं मराठी भाषांतर आईकडून आलं. लेकीने कमांड देऊन फाइल कंपाइल केली, म्हणजे मशीनला वाचता येईल अशी करून घेतली, तर चुका तपासणाऱ्या टूलने चक्क एकही चूक दाखवली नाही. एरवी ते मेलं दर दोन ओळींनी खेकसायचं, इथे कंस राहिला, तिथे ओळ रिकामी. "म्हातारीने कमाल केली!" म्हणत तिने ती फाइल चाचणीच्या मशीनमध्ये घातली आणि ते सुरू केलं.

पहिलं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'दार नीट लावून घ्या.' दुसरं दाबलं, तरी तेच. तिसरं, चौथं, सगळीकडे तेच वाक्य. तिने फाइल उघडली, तर प्रत्येक ओळीत तेच. ओळ भरलेली दिसली की टूल खूश. अर्थाशी त्याला काय देणंघेणं?

तिने घाईघाईने फोन लावला. "आई, सगळीकडे एकच वाक्य का गं लिहिलंस?"

"एकच? काहीतरीच काय! एकेका शब्दासाठी डोकेफोड केलीय मी," आई उखडली. मग हळूच म्हणाली, "ते राहू दे. तू ये ना इकडे. कोणीतरी सारखं दार उघडं टाकून जातंय गं."

त्या घरात आई एकटीच राहत होती.