अकरा घरांचं मीठ

डोंगरातल्या त्या गावात किनुएच्या हाती मीठ मोजायचं यंत्र आलं आणि तिच्या घरातली शांतता गेली.

यंत्र तसं मुठीत मावेल एवढंच. सारात त्याची दांडी बुडवली की काटा हलायचा. गावात खारट खाण्यापायी माणसं पक्षाघातानं आडवी होत होती, म्हणून आरोग्य खात्याच्या नर्स मिसावाबाईंनी प्रत्येक वाडीतून एकेक बाई निवडली. वरच्या वाडीतून किनुए. काम इतकंच, की अकरा घरी महिन्यातून दोनदा जायचं, मिसोच्या, म्हणजे मीठ घालून आंबवलेल्या सोयाबीनच्या, सारात दांडी बुडवायची आणि काटा फार पुढे गेला तर घरच्या बाईला समजावायचं.

किनुएनं सुरुवात स्वतःच्या चुलीपासून केली. सारात मिसो निम्मा झाला आणि मुळा, भोपळा, अळंबी इतकी पडू लागली की वाटीत सार शोधावं लागे. दिवसातून तीनदा व्हायचं ते सार एकदाच होऊ लागलं. खारवलेला मासा बंद. आणि पोटात दोन घासांची जागा असतानाच ताटावरून उठायचं.

तिचा नवरा गेनझो सत्तरीला टेकलेला. तो वाटीत डोकावून म्हणायचा, "अगं, हे सार आहे की भाजी धुतलेलं पाणी?"

"आहे ते प्या. मामंजी गेले तेव्हा कितीचे होते?"

"एकसष्टचे. पण जिभेचे लाड पुरवून गेले."

इथवर ठीक चाललं. पण थंडीच्या तोंडावर किनुए म्हणाली, यंदा नोझावानाचा, म्हणजे मोहरीच्या जातीतल्या भाजीचा, पाला मिठात घालून एकाच पिंपात मुरवायचा, आणि गेनझो ताठ झाला. त्याच्या आईच्या वेळेपासून पडवीत तीन पिंपं उभी असत. वरचा बर्फ फोडून पाला काढायचा आणि चहाबरोबर कचाकचा खायचा, हाच त्याचा हिवाळा.

"ठीक आहे, यंदा एक," तो शेवटी म्हणाला. "पण वसंतात सभागृहात रक्तदाब मोजतील, तेव्हा आपले दोघांचेही आकडे खाली यायला हवेत. एकाचा जरी वर गेला, तर पुढच्या साली तीन पिंपं आणि तुझं ते यंत्र मिसावाबाईंना परत."

किनुएनं हसतच कबूल केलं. तिचा आकडा होता एकशे चव्वेचाळीस, आणि घरात मीठ निम्म्यावर आलेलं. हरायचं कसं, हेच तिला कळेना.

पण तिनं चहा हिशेबात धरला नव्हता.

आल्या माणसाला चहा पाजायचा आणि चहाबरोबर लोणचं द्यायचं, ही तिथली रीत. तेही बशीत नाही, थेट तळहातावर. बशीतलं ठेवून देता येतं. हातावर आलेलं कुठे ठेवणार?

पहिलं घर एक्याण्णव वर्षांच्या तोयो आजीचं.

"आजी, मला लोणचं नको. मी मीठ कमी करा म्हणून सांगायला आलेय."

"सांग की. आधी हात पुढे कर."

किनुएनं हात पुढे केला.

"यंदा तुझ्या सांगण्यावरून मीठ कमी घातलंय. खाऊन सांग."

किनुएनं खाल्लं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजी, हे कमी?"

"मग गेल्या सालचं खा. म्हणजे फरक कळेल."

पुढच्या घरी बातमी आधीच पोचलेली. "आजीकडचं दोनदा खाल्लंस म्हणे! आमच्यात काय विष कालवलंय?" तिथे मुळा झाला, त्यापुढच्या घरी वांगं, मग खारवलेलं आलुबुखार. प्रत्येकीला आपलंच लोणचं कमी मिठाचं आहे, हे किनुएच्या तोंडून हवं होतं. अकराव्या घरातून ती निघायची तेव्हा जीभ लाकडासारखी झालेली असायची.

घरी येऊन ती घटाघटा पाणी प्यायची. गेनझो बघत बसायचा. "सारात मीठ नाही, मग एवढी तहान कसली?"

"चढ चढून आलेय," किनुए म्हणायची.

वसंतात सगळी वाडी सभागृहात जमली. गेनझोचा दाब एकशे अठ्ठ्याहत्तरवरून एकशे पन्नासवर आलेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो लग्नातल्यासारखा लाजला. मग किनुएच्या दंडाला पट्टा बांधला. मिसावाबाईंनी आकडा बघितला, पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा बघितला.

"एकशे बहात्तर. किनुएबाई, तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं हो?"

सभागृह हसून लोळलं. गेनझो तेवढा हसला नाही. तो बोटं मोजत होता. तीन.

किनुए तरातरा उठली. "हसताय काय? हा दाब तुमचा आहे! अकरा घरांचं मीठ या एका पोटात गेलंय!"

"मग नको म्हणायचंस," तोयो आजी म्हणाली.

"म्हटलं नव्हतं का?"

"म्हटलंस. पण हात पुढे करून म्हटलंस."

यावर मिसावाबाईंनासुद्धा हसू आवरेना. शेवटी आजीनंच निकाल दिला, की उद्यापासून किनुएच्या हातावर सफरचंदाची फोड पडेल, दुसरं काही नाही.

किनुएनं पिशवीतून यंत्र काढलं आणि मिसावाबाईंपुढे धरलं. शब्द तो शब्द.

गेनझो खाकरला. "यंत्राचं राहू दे," तो म्हणाला. "पिंपांचं मात्र ठरलं ते ठरलं."

जिंकल्याच्या आनंदात तो तिथून तडक तोयो आजीबरोबर तिच्या घरी लोणचं खायला गेला आणि आला तो थेट पाण्याच्या घागरीकडे.

"काय झालं?" किनुएनं विचारलं.

"आजीचा हात बिघडलाय. पूर्वी इतकं खारट नसायचं तिचं."

किनुएनं पेला भरून त्याच्या हातात दिला.

थंडी आली. पडवीत तीन पिंपं धुऊन उभी राहिली. किनुए ओढ्यावर पाला धूत होती. टोपली घेऊन परतली, तर गेनझो पिंपापाशी गुडघ्यांवर बसलेला. पाल्याचा थर लावून त्यानं मूठभर मीठ उचललं, थोडा वेळ त्याकडे बघितलं आणि अर्धं मीठ हळूच पोत्यात परत सोडलं. मग मागे वळून बघितलं.

"पिंपं तीन आहेत!" तो ओरडला. "मोजून घे!"

"मी कुठे काय म्हटलं?"

"मग जा, उरलेला पाला आण."

किनुए गेली. येताना मात्र ती लांबूनच पाय आपटत आली. त्याला मूठ झाकायला वेळ मिळावा म्हणून.