पौषातला वारा

मी कूलर. पत्र्याचा, चौकोनी, चालू झालो की घरभर घरघरणारा. नागपुरात होळी झाली की माझे लाड सुरू होतात आणि पाऊस लागला की मला कोणी विचारत नाही. सक्करदऱ्यातल्या शालिकराम आणि जिजाबाईंच्या घरी मात्र मी भर पौषात चाललो.

शालिकराम रुबाबदार गडी. तरुणपणी आखाड्यात घुमलेले, मिशांना पीळ देणारे. त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला आणि तो हाडांत उतरला. डॉक्टर म्हणाले, "ही गाठ पुरुषी हार्मोनवर पोसते. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेऊन तिचं अन्न तोडायचं. ती मरणार नाही, पण दबून राहील."

इंजेक्शन लागू पडलं, दुखणं थांबलं. पण अंगातून वाफा निघू लागल्या. गल्लीत लोक शेकोटीला बसलेले आणि हे घामाघूम.

"जिजा, कूलर लाव वं. मले उकडून राहिलं."

ती माउली स्वेटरवर शाल, शालीवर घोंगडी घेऊन माझ्या वाऱ्यात त्यांच्याशेजारी बसायची.

शेजारचे देवराव खिडकीतून हसले, "थंडीत कूलर काहून गा, शालिकराम? बुढाप्यात जवानी चढली काय?"

शालिकराम हसले नाहीत. इंजेक्शनानं त्यांची छातीही बायकांसारखी सुटली होती. त्या दिवसापासून ते घरातसुद्धा बनियनवर सदरा घालू लागले. देवरावांचा मला भयंकर राग आला, पण मला वारा घालण्यापलीकडे काय येतं?

पुढच्या हिवाळ्यात मला हाक आली नाही. घाम गेला होता. जिजाबाईंनी आनंदानं गणपतीपुढे नारळ फोडला. मला पोत्यात बांधताना शालिकराम पुटपुटले, "जाय आता. सुई सोडली मी, तलावावर बसून येतो. रिपोर्ट चांगला आहे, मंग काहून घ्यायची?"

दवाखान्यात जातो म्हणून ते निघायचे आणि तलावाकाठी बसून परतायचे. घरात हे फक्त मला ठाऊक होतं, आणि माझ्या तोंडावर पोतं होतं.

एके सकाळी पलंगावरून उतरताना त्यांचे पायच गेले. मुलगी भैरवी मनीषनगरहून धावत आली. दवाखान्यातून परतल्यावर ती रडतच म्हणाली, "बाबा, वर्षभर सुई घेतलीच नाही?"

"त्या सुईनं मले बाईमाणूस करून टाकलं होतं, पोरी. वाटलं, आता सुटलो."

इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. जिजाबाईंनी माझं पोतं सोडलं, पाणी भरलं आणि रोज त्यांच्या कपाळाला हात लावून त्या घामाची वाट पाहू लागल्या. घाम आला, तेव्हा त्या बटणाकडे धावल्या. पाय मात्र परतले नाहीत. गाठीनं मणक्यातली नस फार दिवस दाबून धरली होती.

बायांनो, तुमच्या घरात असा घाम थांबला तर नारळ फोडायच्या आधी विचारा, सुई चालू आहे ना?

आज पुन्हा थंडी आहे. जिजाबाई माझं तोंड त्यांच्या पायांकडे वळवायला धडपडताहेत.

"पायाले लागून राहिला काय वारा?"

"लागून राहिला. मस्त थंड आहे," डोळे मिटलेले शालिकराम म्हणतात.

माझं तोंड अजून भिंतीकडेच आहे.