भरली फेरी

चढ सुरू होण्याच्या जरा अलीकडे, रस्त्याच्या कडेला निळी गाडी उभी दिसली आणि मिस्त्रीच्या जिवात जीव आला. बहीण दगडावर बसली होती, तिच्या सासूबाई वर्तमानपत्राने वारा घेत होत्या आणि दाजी हातवारे करत येरझाऱ्या घालत होते. म्हणजे माणसं तिन्ही शाबूत. मिस्त्रीने पिकअप थांबवली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून तो क्षणभर नुसता बसून राहिला. एवढं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

झालं होतं असं. दाजींची गाडी पंचवीस वर्षांची, आणि दाजींना हवी होती तिला रुंद चाकं नि मोठे टायर. चाकं-टायरचं दुकान मिस्त्रीचंच; त्याने परोपरीने सांगून पाहिलं, "दाजी, या वयात तिला कशाला हा थाट?" पण ऐकतील ते दाजी कसले! "बसतात की नाही, तेवढं सांगा." आता, बसत तर होती. टायर आणि वरचा पत्रा यांच्यात बोटभर फट राहत होती.

पण रिकामी गाडी खोटं बोलते. म्हणून मोठे टायर चढवले की मिस्त्री शेजारच्या दुकानांतली वजनदार मंडळी गोळा करायचा. शिंपी, छापखानेवाला, आणि एकटेच दोघांची जागा अडवणारे औषधवाले. सगळ्यांना गाडीत कोंबून गतिरोधकावरून न्यायचं आणि मागे कुठे घासतंय का, ते कान देऊन ऐकायचं. याला दुकानात भरली फेरी म्हणत. ती केल्याशिवाय त्याने आजवर कोणाच्या हातात किल्ली दिली नव्हती.

आज दिली. दाजींना घाई, मिस्त्रीच्या डोक्यात राग. "घ्या तुमची चाकं!" म्हणून त्याने किल्ली पुढे केली. मागे सासूबाई आणि बहीण बसल्या, डिकीत सासूबाईंचं लोखंडी शिलाई मशीन गेलं, आणि मंडळी सासूबाईंच्या धाकट्या मुलाकडे डोंगरापलीकडे निघाली.

अर्ध्या तासाने शिंपी डोकावला. "काय मिस्त्री, घरची गाडी म्हणून आज आम्हाला सुट्टी वाटतं?"

मिस्त्रीच्या पायाखालची जमीन सरकली. बहिणीला फोन लावला, तर तो दुकानातच, पान्यांच्या फळीवर वाजायला लागला. दाजी गाडी चालवताना फोन बंद ठेवत. एवढी एक शिस्त त्यांची पक्की होती. मग मिस्त्रीने जुनी चारही चाकं पिकअपमध्ये फेकली आणि सुसाट सुटला. वाटेतल्या प्रत्येक वळणावर त्याला नको नको ते दिसत होतं.

"बरं झालं आलात, मेव्हणे!" दाजी पुढे आले. "तुमच्या बहिणीला गाडी लागली. जन्मात कधी लागली नव्हती! इथून पुढे हलायलाच तयार नाही."

बहिणीने कपाळाला हात लावून डोळे मिटले होते. मिस्त्री मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. पत्र्याच्या कडेने टायरवर गोल चर पाडली होती, आत धागे दिसत होते. पुढचा सगळा चढ आणि मग उतार.

बहीण हळूच येऊन शेजारी वाकली. "पहिल्याच गतिरोधकावर खर्रकन वाजलं," ती पुटपुटली. "तुझ्या दुकानात लहानाची मोठी झालेय मी, दादा."

"मग यांना सांगितलं का नाहीस?"

"आयुष्यभर ऐकवलं असतं त्यांनी तुला. उलटी होतेय म्हणाले मी, झालं. तुला आठवल्यावर तू मागे येणारच होतास."

मिस्त्रीला हसू आलं आणि डोळेही भरले. गुपचूप चाकं बदलता आली असती, काहीतरी थाप मारून. पण ते त्याला जमेना. तो उठला.

"दाजी, चूक माझी आहे. भरली फेरी न करता मी तुम्हाला जाऊ दिलं. बघा इकडे."

दाजी वाकले. त्यांनी त्या चरीत बोट घातलं, मग आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. चेहरा पांढराफटक पडला. मिस्त्री बोलणी खायला तयार होऊन उभा राहिला.

"घाई मीच केली," दाजी एवढंच म्हणाले आणि शर्टाच्या बाह्या सरसावून जॅक काढायला डिकीकडे वळले.

दोघांनी मिळून जुनी चाकं चढवली. सासूबाईंनी नट मोजून हातात दिले. शेवटचा नट आवळून झाला तेव्हा दाजी हात पुसत बायकोला म्हणाले, "आता बरं वाटतंय का तुला?"

"कधीचंच," ती म्हणाली. "भूक लागलीय सडकून."

दाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग मेव्हण्याकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात उजेड पडायला अंमळ वेळ लागला; पण पडला तेव्हा ते तिच्याच दगडावर मटकन बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिले.